उत्तर मॅन्युअलमध्येच होतं, मी प्रकरण चुकीचं उघडलं होतं

तिसरा_थर

दोन राउटर, मध्ये एक फायबर. इतकी वर्षं दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे डबे होते. मागच्या आठवड्यात एक बाजू बदलली आणि तिथे दुसऱ्या कंपनीचा राउटर बसवला. लिंक वर आली, पिंग छान चाललं, पण ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल) अडून बसलं. जुन्या डब्यावर शेजारी 'एक्स्चेंज' दाखवतोय, नव्यावर 'एक्सस्टार्ट'. 'फुल', म्हणजे जोडणी पूर्ण, काही केल्या होईना.

नेहमीचं सगळं तपासलं. एरिया एक, हॅलो १०, डेड ४०, मास्क, नेटवर्क टाइप, ऑथेंटिकेशन. सगळं जुळत होतं. मग दोन्ही कंपन्यांच्या मॅन्युअलमधलं ओएसपीएफचं प्रकरण उघडलं. दोन्हीकडे सल्ला तोच: एक्सस्टार्टमध्ये अडकलं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) जुळतो का बघा. बघितला. इकडे ९०००, तिकडे ९०००. एमटीयूवर फुली मारली आणि पुढचे चौदा तास भलतीकडे खणत बसलो. टायमर, मल्टिकास्ट, फायरवॉल फिल्टर, शेवटी फायबरसुद्धा बदलून झाली.

उत्तर होतं नव्या राउटरच्या इंटरफेसच्या पुस्तकात. एमटीयूच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप: या आकड्यात इथरनेटचं हेडर धरलेलं आहे. म्हणजे तिथले ९००० हे आयपीसाठी ८९८६. जुना डबा मात्र हेडर सोडून मोजतो, त्याचे ९००० म्हणजे आयपीचेच पूर्ण ९०००. नव्या बाजूला ९०१४ लिहिलं, आणि हात कीबोर्डवरून उचलेपर्यंत शेजारी 'फुल'.

ओएसपीएफच्या प्रकरणात ही टीप नाही, आणि तिथे का असावी असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग ती शोधायची कशी? हजारो पानांच्या ढिगात तुम्ही नेमकं काय करता? पद्धत असेल तर सांगा. 'अनुभवाने कळतं' हे मला माहीत आहे, ते नको.

पॅकेटमार

चौदा बाइटला चौदा तास. बाइटमागे एक तास, भाव वाजवी आहे.

कन्सोलवाला

एमटीयू जुळत नसेल तर एमटीयू-इग्नोर लावायचं की, ती तपासणीच बंद. एका ओळीचं काम.

जुना_हब

लावू नका. आज शेजारी उभा राहील, आणि जाहिराती (राउटर पाठवतात ती रस्त्यांची माहिती) वाढून अपडेटचं पॅकेट ८९८६ च्या वर गेलं की ते वाटेत गळेल. तेव्हा लक्षणं आजच्याइतकी सरळ नसतील. ती तपासणी तिथे उगाच ठेवलेली नाही. आरएफसी (इंटरनेटच्या स्टँडर्डचा कागद) २३२८ (१९९८) काढा, कलम १०.६: समोरच्याने डेटाबेस डिस्क्रिप्शन (आपल्याकडच्या माहितीची यादी) पॅकेटमध्ये सांगितलेला एमटीयू मला झेपतो त्याहून मोठा असेल तर ते पॅकेट नाकारायचं. फक्त मोठा असेल तर. लहान चालतो.

तिसरा_थर, तुमच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी स्थिती का दिसत होती ते यातच आहे. जुना डबा ९००० सांगतोय, नवा ते नाकारतोय, म्हणून तो एक्सस्टार्टमध्ये. नवा ८९८६ सांगतोय, जुन्याला ते मान्य आहे, म्हणून तो एक पायरी पुढे सरकला. अर्थात नव्याचा राउटर आयडी मोठा असेल तरच, कारण मोठ्या आयडीचा राउटर या देवाणघेवाणीत पुढारी असतो. उलटं असतं तर दोघेही एक्सस्टार्टमध्येच बसले असते.

तिसरा_थर

आयडी नव्याचाच मोठा आहे. म्हणजे 'कोण नाकारतोय' हे पहिल्या दिवशीच माझ्या स्क्रीनवर होतं. धन्य.

लेखणी

या विषयावर थोडं बोलू शकते, कारण काही वर्षं मी अशीच मॅन्युअल लिहिली आहेत. कोणाकडे ते सोडा.

बाहेरून ते एक पुस्तक वाटतं. आतून तसं नसतं. लहान लहान तुकडे लिहिलेले असतात आणि प्रत्येक मॉडेलच्या पुस्तकात ते जोडून टाकले जातात. ओएसपीएफचा तुकडा एका टीमने लिहिलेला, इंटरफेसचा दुसऱ्या टीमने. दोघींची कधी गाठ पडलेली नसते. म्हणून 'काही मॉडेलवर ही सुविधा उपलब्ध नाही' अशी चिडवणारी वाक्यं येतात. तोच तुकडा अनेक पुस्तकांत जाणार असतो, आणि कोणत्या मॉडेलवर नाही हे लिहिणाऱ्याला तिथे लिहिताच येत नाही.

दुसरी गोष्ट. कॉन्फिगरेशन गाइड हे 'कसं करायचं' यासाठी लिहितात. पायऱ्या असतात, उदाहरण असतं, आणि उदाहरणात सगळं सुरळीत चाललेलं असतं. तुमचं सुरळीत चाललेलं नाही म्हणून तर तुम्ही पुस्तक उघडलंय! त्यामुळे अडचणीत असताना गाइड बाजूला ठेवायचं आणि कमांड रेफरन्स उघडायचा. तिथे प्रत्येक कमांडखाली तीन जागा असतात ज्या कोणी वाचत नाही: डिफॉल्ट काय, कोणत्या व्हर्जनपासून काय बदललं, आणि 'युसेज गाइडलाइन्स'. ही तिसरी जागा म्हणजे आमची अडगळीची खोली. ग्राहकाने तक्रार केली, इंजिनियरने खुलासा पाठवला, तो कुठे टाकायचा? टाका तिथे. तुमच्या टिपेसारख्या टिपा बहुधा अशाच आलेल्या असतात.

गाइड वाचायचंच असेल तर प्रकरणाच्या सुरुवातीचं 'रिस्ट्रिक्शन्स' आधी वाचा. सगळे ते ओलांडून थेट उदाहरणाकडे जातात.

शून्यमार्ग

लेखणीताई, दंडवत. 'अडगळीची खोली' हे लिहून ठेवलं.

निळी_वायर

मला यात शोधण्यापेक्षा शब्दाची अडचण जास्त वाटते. 'ट्रंक' घ्या. सिस्कोच्या कागदात ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्कं) वाहून नेणारी लिंक. एचपी प्रोकर्व्हच्या कागदात ट्रंक म्हणजे अनेक पोर्ट बांधून केलेली एक जाड लिंक. ही जाड लिंक सिस्कोत इथरचॅनेल किंवा पोर्ट-चॅनेल, ज्युनिपरमध्ये अ‍ॅग्रिगेटेड इथरनेट, ह्युआवेईत इथ-ट्रंक, मायक्रोटिकमध्ये बाँडिंग. वस्तू एक, नावं पाच. आपल्या सवयीचं नाव शोधपेटीत टाकलं की एकतर काहीच मिळत नाही, नाहीतर भलतंच मिळतं आणि तेच बरोबर वाटतं. हा दुसरा प्रकार घातक.

म्हणून नव्या कंपनीचं काही हातात आलं की मी पहिला अर्धा तास फक्त शब्दकोश करते. माझ्या ओळखीची दहा-बारा कामं, आणि त्यांना हे लोक काय म्हणतात. प्रश्न नंतर.

शब्द सापडत नसेल तर एक वाट आहे. स्टँडर्डचा क्रमांक शोधायचा. पोर्ट बांधायच्या त्या प्रोटोकॉलला कंपनी काहीही म्हणो, कागदात कुठेतरी ८०२.३एडी किंवा ८०२.१एएक्स लिहिलेलं असतंच. (दोन क्रमांक का? २००० साली ते ८०२.३ मध्ये आलं, २००८ मध्ये ८०२.१ कडे हलवलं. जुन्या कागदात पहिला मिळतो, नव्यात दुसरा, म्हणून दोन्ही टाकून बघायचे.)

पॅकेटमार

+१. आणि तिसरा_थरच्या गोष्टीत शब्द एकच होता, अर्थ दोन. ते तर आणखी वाईट. ट्रंकमध्ये निदान गडबड लवकर दिसते.

जुना_हब

अर्थ दोन व्हायला कंपन्याही दोन लागत नाहीत. सिस्कोच्याच दोन सिस्टिम, आयओएस आणि आयओएस एक्सआर. पहिल्यात इथरनेटचा डिफॉल्ट एमटीयू १५००, दुसऱ्यात १५१४, तेच चौदा बाइट. ज्युनिपरचं जुनोसही १५१४ वालं. व्हीलॅन टॅग असेल तर आणखी ४ बाइटचा प्रश्न येतो, तो प्रत्येकाच्या कागदात वेगळा वाचावा लागतो.

मी अशा वेळी कागद बाजूला ठेवून मोजतो. डीएफ (पॅकेटचे तुकडे करू नका) लावून पिंग, आकार वाढवत न्यायचा, कुठे तुटतं ते बघायचं. पण इथेही खड्डा आहे. पिंगला दिलेला आकडा म्हणजे काय? आयओएसमध्ये तो आयपी हेडर धरून असतो. जुनोसमध्ये आणि लिनक्सवर तो फक्त आतल्या मजकुराचा, त्यावर आयसीएमपीच्या हेडरचे ८ आणि आयपीच्या हेडरचे २० बाइट वेगळे. तिसरा_थर यांचा नवा डबा दुसऱ्या पद्धतीने मोजणारा असेल तर ९०१४ करण्याआधी तिथून ८९५८ पर्यंत पिंग गेलं असतं आणि ८९५९ ला थांबलं असतं. ८९५८ अधिक २८ बरोबर ८९८६. नऊ हजारातून वजा केलं की चौदा राहतात, आणि चौदा दिसले की इथरनेटचं हेडर आठवायलाच पाहिजे. सहा, सहा आणि दोन.

तिसरा_थर

आत्ता जाऊन जुनं कॉन्फिग परत टाकून मोजायचा मोह होतोय. आवरतो.

शून्यमार्ग

एवढं सगळं करण्यापेक्षा मी हल्ली चॅटबॉटला विचारतो. लॉग चिकटवायचा, उत्तर घ्यायचं.

कन्सोलवाला

आणि कमांड चालली नाही की इथे यायचं.

शून्यमार्ग

ते झालंय, खोटं कशाला बोलू. परवा त्याने एक कमांड दिली, दिसायला इतकी सराईत की शंकाच आली नाही. अर्धी एका कंपनीची, अर्धी दुसऱ्या कंपनीची. डब्याने पहिल्या शब्दानंतर बाण दाखवून परत पाठवलं. नशीब, चुकून चालली नाही.

निळी_वायर

मी वापरते, पण उत्तरासाठी नाही. 'अमुक कंपनी या गोष्टीला काय म्हणते' एवढंच विचारते. शब्द मिळाला की तो घेऊन कागदाकडे. शब्द चुकीचा निघाला तर दोन मिनिटांत कळतं, नुकसान काही नाही. कमांड चुकीची निघाली तर कधी कळेल याचा नेम नाही.

लेखणी

व्हर्जनचं कोणी बोललं नाही अजून. सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. शोध घेतल्यावर वर येतं ते बहुतेक वेळा जुन्या व्हर्जनचं पान, कारण त्याला वर्षानुवर्षं लोक जोडत आलेले असतात. मायक्रोटिकचं राउटरओएस सहामधून सातमध्ये गेलं तेव्हा रूटिंगचा भाग मुळापासून बदलला. ओएसपीएफच्या जुन्या नेटवर्क ओळींच्या जागी इंटरफेस-टेंप्लेट आले, रूटिंग फिल्टर वेगळ्याच पद्धतीने लिहायचे. जुन्या विकीतली उदाहरणं नव्या डब्यावर टाकली की पहिल्याच शब्दाला अडतात. पान उघडलं की आधी ते कोणत्या व्हर्जनचं ते बघा, आणि डब्यावर व्हर्जन काय आहे तेही. 'मला माहीत आहे कोणतं आहे' असं म्हणू नका, बघा.

आणि रिलीज नोट्स. अपग्रेडनंतर काही बिघडलं तर गाइडमध्ये शोधूच नका. रिलीज नोट्समध्ये 'ज्ञात दोष' आणि 'बदललेलं वर्तन' अशा दोन याद्या असतात. दुसरी जास्त महत्त्वाची. डिफॉल्ट बदललं असेल तर ते तिथे एका ओळीत असतं, आणि ती ओळ आम्ही कधीही ठळक केली नाही.

पॅकेटमार

तुम्हीच का त्या!

लेखणी

:) ठळक काय करायचं ते मार्केटिंग ठरवत असे.

जुना_हब

डिफॉल्टवरून. डब्यालाच विचारता येतं हे लोक विसरतात. आयओएसमध्ये 'शो रन' डिफॉल्ट लपवतं, 'शो रन ऑल' दाखवतं. जुनोसमध्ये तर मॅन्युअलचा काही भाग डब्यातच असतो. 'हेल्प टॉपिक', 'हेल्प रेफरन्स', आणि लॉगमधल्या संदेशासाठी 'हेल्प सिसलॉग'. डब्यावर आहे ते त्याच व्हर्जनचं असतं, त्यामुळे लेखणी म्हणतात तो घोळच नाही. रात्री इंटरनेट नसलेल्या खोलीत याची किंमत कळते.

आणि स्टँडर्ड काय म्हणतं ते वेगळं, डिफॉल्ट काय आहे ते वेगळं. बीजीपीचा (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कमधला रूटिंग प्रोटोकॉल) होल्ड टाइम, म्हणजे समोरून काही ऐकू आलं नाही तर किती थांबायचं. आरएफसी ४२७१ (२००६) ९० सेकंद सुचवते. जुनोसचं डिफॉल्ट ९०, आयओएसचं १८०. दोघं जोडले की लहान आकडा ठरतो, म्हणजे ९०. आयओएसच्या कागदात १८० वाचून कोणी 'लिंक तुटल्यावर तीन मिनिटं आहेत' असं गृहीत धरलं तर त्याचं गणित निम्म्याने चुकणार. कागद दोन्हीही बरोबर आहेत.

निळी_वायर

आरएफसी वाचणाऱ्यांना एक विनंती: वरचा मथळा वाचत जा. 'अमुकमुळे रद्द', 'अमुकने सुधारित' असं तिथे लिहिलेलं असतं. मी एकदा रद्द झालेल्या आरएफसीवरून एका मोठ्या माणसाशी वाद घातला होता. जिंकलेसुद्धा, हे जास्त वाईट.

'मस्ट' आणि 'शुड' यांतला फरकही तिथेच सुटतो. १९९७ च्या आरएफसी २११९ ने तो ठरवून दिलाय. 'शुड' असेल तर सबळ कारण असल्यास कंपनी ते न करताही स्टँडर्डशी प्रामाणिक राहू शकते. अर्धे वाद या एका शब्दावरचे असतात.

कन्सोलवाला

माझी पद्धत अगदी गावठी आहे. ज्या मॉडेलची जबाबदारी आहे त्यांची सगळी पीडीएफ उतरवून मजकुरात बदलतो आणि एका फोल्डरमध्ये ठेवतो. मग ग्रेप, म्हणजे सगळ्या फाइलींत एक शब्द शोधणं. कंपनीच्या साइटचा शोध काय वर दाखवायचं ते स्वतः ठरवतो, ग्रेप काहीच ठरवत नाही. तिसरा_थरने 'एमटीयू' असा ग्रेप मारला असता तर ओएसपीएफबरोबर इंटरफेसचं पुस्तकही पुढ्यात आलं असतं.

तिसरा_थर

हे पटलं. मी प्रोटोकॉलचं नाव शोधत होतो. शोधायला हवा होता तो आकडा ज्या गोष्टीचा आहे तिचं नाव. आजच फोल्डर करतो.

पहिलाच_पोर्ट

मी नवीन आहे, धागा वाचून धीर आला म्हणून विचारतो. एका स्विचवर एक पोर्ट बंद पडलाय, दिवा नारिंगी. केबल बदलली. लॉगमध्ये हे आहे: पीएम-४-ईआरआर_डिसेबल, पुढे बीपीडीयूगार्ड एरर डिटेक्टेड, आणि पोर्टचं नाव. काय करू?

कन्सोलवाला

शट, नो शट.

पहिलाच_पोर्ट

पोर्ट बंद करून परत चालू केला. दोन सेकंद हिरवा, परत नारिंगी.

जुना_हब

मग ते करत बसू नका. त्या ओळीचे तुकडे पाडा. पहिला तुकडा म्हणजे कोणत्या विभागाने संदेश दिला. मधला आकडा गांभीर्य, ० सगळ्यात वाईट, ७ म्हणजे नुसती डीबगची बडबड, ४ म्हणजे इशारा. तिसरा तुकडा संदेशाचं नाव. शोधताना पोर्टचं नाव, वेळ, मॅक पत्ता काढून टाका, ते फक्त तुमचं आहे, जगात कुठल्या पानावर नाही. उरतं ते शोधा.

आणि 'बीपीडीयूगार्ड' लॉगमध्ये सलग लिहिलंय. गाइडमध्ये मध्ये जागा सोडून लिहितात. दोन्ही टाकून बघा. मी उत्तर देत नाही, तुम्ही शोधून इथे लिहा.

पॅकेटमार

मास्तर जागे झाले.

पहिलाच_पोर्ट

जागा सोडून टाकल्यावर मिळालं. साध्या यंत्रासाठी ठेवलेल्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा (नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ न देणारा प्रोटोकॉल) बीपीडीयू, म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात तो संदेश, आला तर स्विच तो पोर्ट बंद करतो. म्हणजे पलीकडून बीपीडीयू येतोय. पण पलीकडे नुसता एक संगणक आहे.

आणि एक कळलं नाही. तक्त्यात लिहिलंय की पोर्ट परत उठायचा वेळ डिफॉल्ट ३०० सेकंद. मी दहा मिनिटं थांबलो, उठला नाही. पान चुकीच्या व्हर्जनचं आहे का?

लेखणी

पान बरोबर असावं. त्याच तक्त्यातली आणखी एक ओळ बघा, आपोआप उठण्याची सोय मुळात चालू आहे का याची.

पहिलाच_पोर्ट

आहे. दोन ओळी वर. 'सर्व कारणांसाठी बंद.' म्हणजे ३०० सेकंद ही वेळ आहे, पण सोय चालू केली तरच ती मोजली जाणार. मी फक्त आकड्याची ओळ वाचली होती.

जुना_हब

आता 'पलीकडे नुसता संगणक आहे' हे कशावरून, ते सांगा.

पहिलाच_पोर्ट

पोर्टच्या वर्णनात लिहिलंय म्हणून.

जाऊन येतो.

पहिलाच_पोर्ट

आलो. टेबलाखाली एक छोटा पाच पोर्टचा स्विच होता, कोणी लावला माहीत नाही. त्यातून दोन केबल भिंतीत गेलेल्या, दोन्ही आपल्याच स्विचला. आपलाच बीपीडीयू फिरून आपल्याकडे येत होता. एक केबल काढली, मग शट, नो शट. हिरवा आहे, वीस मिनिटं झाली. पोर्टचं वर्णनही बदललं.